कासारीण आणि रुसलेल्या कवड्या

फार फार पूर्वी एका ओढ्याच्या दोन काठांना दोन गावं होती. पाणी बेताचंच. उन्हाळ्यात पाण्याची पहिली पाळी कुणाची, यावरून डोकी फुटू नयेत म्हणून जुन्या माणसांनी एक रीत घालून दिली होती. पाडव्याला दोन्हीकडून एकेक खेळाडू यायचा, सारीपाट मांडायचा आणि जिंकेल त्याच्या गावाने आधी पाणी घ्यायचं. याहून शहाणी रीत कुणाला सुचायला हवी होती, पण नाही सुचली.

अलीकडच्या गावाकडून एक कासारीण खेळायची. दोन वर्षं ती जिंकली, तेव्हा गावाने तिला डोक्यावर घेतलं. पुढची दोन वर्षं हरली आणि गावाचे पानमळे करपले. कवड्या रुसल्या, असं तिच्या मनाने घेतलं. तिने त्या दुधात धुतल्या, उशाशी ठेवल्या, शेवटी नव्या आणल्या.

पलीकडच्या गावाकडून खेळणारा म्हातारा कुंभार कवड्यांवर कोणता मंत्र टाकतो, हे कळल्याशिवाय तिला चैन पडेना. एके दिवशी ती थेट त्याच्या चाकापाशी जाऊन बसली.

मंत्रबिंत्र काही नाही, म्हणत कुंभार हसला आणि त्याने तिला पाडव्याचा डाव सांगायला लावला. तिने घडाघडा सांगितला. कधी कोणतं दान पडलं, कवड्यांनी कुठे दगा दिला, सगळं.

"पोरी, दानं तुला तोंडपाठ आहेत," कुंभार म्हणाला. "पण त्यावर तू कोणती चाल केलीस, ते एकदाही बोलली नाहीस."

घरी येऊन तिने पट अंथरला आणि आठवून आठवून तो डाव पुन्हा लावला. आपली सोंगटी मेली की तिचं डोकं फिरायचं. मग घराजवळ आलेली सोंगटी तशीच सोडून ती सूड घ्यायला धावायची. तिला नवल वाटलं. तिने जिंकलेले डावही लावून पाहिले. त्यांतही त्याच चुका होत्या, फक्त चांगल्या दानाने त्यांवर पांघरूण घातलं होतं. हरण्याची वाटली नव्हती इतकी लाज तिला त्या जिंकण्याची वाटली. पुढे वर्षभर ती रोज एक डाव खेळली आणि रोज आपली एक चूक शोधत राहिली. हळूहळू तिला त्याची गोडीच लागली.

पाडव्याला ती शेवटपर्यंत डोकं शांत ठेवून खेळली. तरी अखेरचं दान कुंभाराला पडलं आणि ती हरली.

गाव खवळलं. हिला काढा, दुसरा खेळाडू बघा, असा गलका झाला.

"जरूर काढा," कुंभार पट गुंडाळत म्हणाला. "आज मी तीन चाली चुकलो, हिची एकही चुकली नाही. ही समोर नसली तर पुढच्या पाडव्याला मी निर्धास्त येईन."

गावाने तो हट्ट सोडला. कासारीणच खेळत राहिली, आणि पुढच्या सहा उन्हाळ्यांत पाच वेळा पहिलं पाणी तिच्या गावच्या पानमळ्यांना मिळालं.

तात्पर्य: दान आपल्या हाती नसतं, चाल असते; म्हणून हरल्यावर चाल तपासावी आणि जिंकल्यावर तर अवश्य तपासावी.