टिचकी उंदरी आणि करवतीचा पट्टा

ही गोष्ट अगदी खरी. शप्पथ! मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.
म्हणजे, मी तेव्हा झोपलो होतो. पण डोळे माझेच होते!

तर, एक होती उंदरी. एवढीश्शी. तिचं नाव टिचकी.
भिवामामा सुताराच्या दुकानात एक करवत होती. विजेची. जुनी-पुराणी. टिचकी राहायची त्या करवतीखाली.
करवत फिरायची, घर्रर्र घर्रर्र!
भुसा पडायचा, भुरुभुरु भुरुभुरु!
तीच टिचकीची गादी. मऊ मऊ. ऊबदार.

टिचकीला झाली पिल्लं. किती? सात! इवलीइवली. अंगावर एक केस नाही.

आली खंडेनवमी. हत्यारांची पूजा!
भिवामामाने दुकान झाडलं. भुसा गेला बाहेर. गादी गेली बाहेर!
मग भिवामामाने तेल घेतलं. चोपड चोपड चोपड! करवतीच्या पात्याला तेल. हातकरवतीच्या मुठीला तेल. पटाशीच्या मुठीला तेल. करवत फिरवणारा पट्टा असतो ना? त्यालाही तेल!

सण झाला. भिवामामाने बटण दाबलं.
घर्र... सुळ्ळकन! फट्!
पट्टा सटकला. पट्टा तुटला. करवत थांबली.
फरशी गारेगार. पिल्लं कुडकुड कुडकुड!

टिचकी गेली भिवामामाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"मामा, मामा!
करवत फिरेना,
भुसा पडेना,
पिल्लं माझी झोपेनात,
कुडकुड कुडकुड!"

भिवामामा म्हणाला, "काय करू गं? ही करवत माझ्या आज्याची. हिचा पट्टा दुकानात मिळत नाही. हुसेनचाचाच्या भंगारात बघ. तो देईल पट्टा, तर मी फिरवीन करवत!"

टिचकी गेली हुसेनचाचाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"चाचा, चाचा!
पट्टा मिळेना,
करवत फिरेना,
भुसा पडेना,
पिल्लं माझी झोपेनात,
कुडकुड कुडकुड!"

चाचा म्हणाला, "पट्टा आहे की! जुन्या पिठाच्या गिरणीचा. पण तो ढिगाच्या तळाशी. वर लोखंडी पलंग. पलंगावर तीन सायकली. सायकलींवर माझा डबा. माझं गाढव ओढील ढीग, तर मी देईन पट्टा!"

टिचकी गेली गाढवाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"गाढवदादा, गाढवदादा!
ढीग हलेना,
पट्टा मिळेना,
करवत फिरेना,
भुसा पडेना,
पिल्लं माझी झोपेनात,
कुडकुड कुडकुड!"

गाढवाने एक डोळा उघडला. "आज उठायचं? काल उठलो होतो की!"
"दादा, उठा ना!"
"सगुणाकाकू देईल भाकरी, तर मी ओढीन ढीग!"
आणि डोळा मिटला.

टिचकी गेली सगुणाकाकूकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"ईऽऽऽ! उंदीर!" काकू चढली पाटावर. मग म्हणाली, "बोल बाई, काय ते बोल लवकर!"
"काकू, काकू!
गाढव उठेना,
ढीग हलेना,
पट्टा मिळेना,
करवत फिरेना,
भुसा पडेना,
पिल्लं माझी झोपेनात,
कुडकुड कुडकुड!"

काकू म्हणाली, "अगं, भाकरी कशात थापू? ही माझी लाकडी काठवट बघ. डुगडुग डुगडुग! मी थापते इकडे, ती पळते तिकडे. खाली लाकडाची पाचर हवी. छोटीशी. भिवामामा देईल पाचर, तर मी देईन भाकरी!"

भिवामामा? अरे देवा! टिचकी फिरून तिथंच!
पुन्हा तुरुतुरु तुरुतुरु.
"मामा, मामा!
काठवट थांबेना,
भाकरी होईना,
गाढव उठेना,
ढीग हलेना,
पट्टा मिळेना,
करवत फिरेना,
भुसा पडेना,
पिल्लं माझी झोपेनात,
कुडकुड कुडकुड!"

"पाचर होय? आत्ता देतो," भिवामामा म्हणाला. "करवत फिरली की लगेच!"
"मामा, करवतच तर बंद आहे!"
"अरेच्चा! मग हाताने कापू."
भिवामामाने हातकरवत उचलली. सुळ्ळकन! गेली खिडकीबाहेर. मूठ तेलकट!
भिवामामाने पटाशी उचलली. सुळ्ळकन! गेली बादलीत, डुबुक! मूठ तेलकट!
भिवामामा बसला डोक्याला हात लावून. हातही तेलकट!

टिचकीने पिल्लांकडे पाहिलं. कुडकुड कुडकुड.
टिचकीने लाकडाच्या तुकड्याकडे पाहिलं.
"मामा," ती म्हणाली, "माझ्या दातांना तेल लावलंत का?"
"नाही बाई."
"मग सरका बाजूला!"

कुर्र कुर्र कुर्र! कुर्र कुर्र कुर्र!
इकडून कुरतडलं. तिकडून कुरतडलं. एक टोक जाड, एक टोक बारीक.
झाली की पाचर!

टिचकीने पाचर तोंडात धरली. तुरुतुरु तुरुतुरु. पळाली ती पळालीच!
पाचर मिळाली, काठवट थांबली.
काठवट थांबली, भाकरी झाली. थप थप थप!
भाकरी झाली, गाढव उठलं. मचमच मचमच!
गाढव उठलं, ढीग हलला. धडाड धूम!
"माझा डबा!" चाचा ओरडला.
ढीग हलला, पट्टा मिळाला.

"आण इकडे!" भिवामामा म्हणाला. "आत्ता बसवतो!"
आणि त्याने आत्ताच बसवला. तेल? एक थेंबही नाही!
पट्टा बसला, करवत फिरली. घर्रर्र घर्रर्र!
करवत फिरली, भुसा पडला. भुरुभुरु भुरुभुरु!
भुसा पडला, गादी झाली.
एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. सगळी पिल्लं गादीत.
कुडकुड थांबली.
पिल्लं झोपली. घुर्र... घुर्र... घुर्र...

झाली गोष्ट. अगदी खरी, सांगितलं ना!
बरं बरं. एवढीशी थाप आहे त्यात. कबूल.
उंदरी बोलली, ते खरं. गाढवाने भाकरी मागितली, ते खरं.
पण भिवामामा म्हणाला "आत्ता बसवतो", आणि त्याने आत्ताच बसवला?
छे! तेवढं मी पदरचं घातलं!