गिरणीचा दगड आणि विजेचा कागद

आमच्या नांदूरखेड्यात पिठाची गिरणी एकच, भागूबाईंची. वीज रोज सकाळी दहालाच जायची, परत कधी यायची त्याचा नेम कळायचा नाही अन् गिऱ्हाईक दळण उचलून शेजारच्या गावाला जायचं. गिरणीला कुलूप लागायची पाळी आली, तेव्हा बाई वीज कचेरीत गेल्या.

"साहेब, वीज नक्की असते तरी कधी?"

साहेब ताठ. घरी इन्व्हर्टर, त्याला काय कळतंय? मान वर न करता म्हणाला, "भिंतीवर वेळापत्रक लावलंय. दहा ते दोन वीज आहे. वाचता येत नाही का?"

बाईंनी कागदाची नक्कल आणून गिरणीवर चिकटवली.

रविवारी साहेबाकडं पाहुणे आले. गव्हाचा डबा दहालाच गिरणीत पोचला. बाराला साहेब स्वतः आला. बाईंनी डबा पुढं सरकवला. उघडून बघतो तर गहू तसेच!

"हे काय? पीठ कुठंय?"

"तुमच्या कागदावर दळून झालंय, साहेब. आमच्या दगडाला तेवढं वाचता येत नाही."

ओट्यावरच्या बाया खदखदून हसल्या. साहेबानं तिथंच कागद पहिल्यांदा नीट वाचला. तो पलीकडच्या गावाला वीज देणाऱ्या फीडरचा निघाला! आमची वीज दहाला जाऊन परत दोन ते सहा होती.

संध्याकाळच्या आत खरा कागद गिरणीवर लागला अन् गिऱ्हाईक परतलं. पाहुण्यांनी मात्र दुपारी नुसता भात खाल्ला. बरं झालं.