कडीवाले वानर

त्या अरण्यात सगळे काही होते, पण जिथल्या तिथे होते. डोंगरावर अक्रोड कुजून जात, खाडीकाठी मिठाचे ढीग पावसात विरघळत, आणि मधल्या माळावरची हरणे मीठ न चाखताच म्हातारी होत. कुणी कुणाचे वाईट करत नव्हते. अंतरच इतके होते की चांगले करणेही जमत नसे.

मग लोखंडी गोम आली. डोंगरापासून खाडीपर्यंत झाडांचे ओंडके आडवे टाकले गेले, त्यांवर लोखंडाच्या दोन रेघा ओढल्या गेल्या आणि त्या रेघांवरून ती धूर सोडत धावू लागली. तिच्या मागे डबे जोडलेले असत. एकात अक्रोड, दुसऱ्यात मीठ, तिसऱ्यात सुकी मासळी. पहिल्यांदा मीठ चाटणाऱ्या हरणांच्या डोळ्यांत पाणी आले. हे खरे आहे आणि सांगायलाच हवे.

सुरुवातीला अशा पुष्कळ वाटा होत्या आणि प्रत्येक वाटेचा मालक वेगळा होता. एक कोल्ह्याची, एक साळिंदराची, एक रानमांजराची आणि एक अजगराची. अजगराने बाकीच्यांपैकी कुणाशीही भांडण केले नाही. त्याने एकेकाला जवळ घेतले. होता होता सगळ्या वाटा मिळून एकच वाट झाली, आणि अजगर तिच्या शेवटच्या ठाण्यावर वेटोळे घालून संथपणे पचवत पडून राहिला. अरण्याची भरभराट झाली. माळावर गोदामे उठली, आणि गोदामांच्या सावलीत आणखी गोदामे.

डबे जोडण्याचे काम वानरांकडे होते, कारण बोटे त्यांनाच होती. दोन डब्यांच्या मध्ये उभे राहायचे, एका हाताने कडी धरायची आणि मागचा डबा येऊन धडकला की त्याच क्षणी दुसऱ्या हाताने खीळ टाकायची. क्षण चुकला की बोट जाई. या वानरांना कडीवाले म्हणत. त्यांचा मुकादम एक बगळा होता. कामावर घेताना तो एवढेच म्हणे, "हात दाखव." ज्याची बोटे गेलेली, तो जाणता कडीवाला, त्याला ओंजळभर अक्रोड. ज्याचा हात धड, तो कच्चा. त्याला त्याच्या निम्मे.

शेंडा आणि बुंध्या हे दोन भाऊ कडीवाले होते. थोरला कायम झाडाच्या टोकावर असे, म्हणून तो शेंडा. धाकटा त्याच्या मागे धापा टाकत खालीच राही, म्हणून तो बुंध्या. शेंड्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली होती. बुंध्याचा हात अजून धड होता.

"आणखी एक गेलं की बगळा मला स्वतःच्या जागेवर बसवेल," शेंडा म्हणे.

"आणखी एक गेलं की फांदी कशानं धरशील, दादा? दातांनी?"

"तू आहेस ना खाली झेलायला. तू कुठं वर येतोयस!"

दोघे हसत. पण शेंड्याने आईला शब्द दिला होता की तिसरे बोट जायच्या आत तो काम सोडून झाडावर परत येईल.

त्याच सुमारास एका सुगरण पक्षिणीने लोखंडाच्या दोन आकड्या वळवल्या. डबा डब्याला भिडला की त्या आपोआप एकमेकींत अडकत. मध्ये कुणी उभे राहायला नको. ठाण्यावर सगळ्यांसमोर त्या लावून दाखवल्या गेल्या. खट्ट आवाज झाला, आणि कडीवाले नकळत आपापली बोटे चाचपू लागले. अजगरानेही मान डोलावली. त्याने सुगरणीला सोन्याच्या काड्यांचे घरटे दिले, आकड्या मागून घेतल्या आणि गिळल्या.

"लावणार कधी?" बुंध्या भर गर्दीत ओरडला.

"लावू की," बगळा म्हणाला. "मालकांच्या पोटात आहेत म्हणजे जपून आहेत. दुसऱ्या कुणाच्या हाती लागायला नकोत."

"आणि आमचे हात?"

"अरे बाबा, लोखंड खोल खणून काढावं लागतं. वानर काय, झाडाला लागतात."

सगळे हसले. काही कडीवालेही हसले.

त्या रागातच बुंध्या झाडावर चढला, पहिल्यांदाच थेट टोकापर्यंत, आणि त्याने सगळ्या कडीवाल्यांना वर बोलावले. आकड्या लागेपर्यंत कुणी खाली उतरायचे नाही. गोम जागच्या जागी उभी राहिली आणि आपण किती मोठे आहोत हे वानरांना कळले. मग भूक लागली. तेव्हा त्यांच्या लक्षात आले की आसपासची अक्रोडाची झाडे केव्हाच रेघांखालचे ओंडके होऊन गेली होती. आता जे खायचे ते गोमेतूनच येत होते. माळावर गोदामे झाल्यापासून हरणांचे गवतही तिच्यातूनच येई. हरणे पाडसांना घेऊन झाडाखाली आली. ती रागावली नाहीत, नुसती वर बघत उभी राहिली. शेंडा-बुंध्याच्या आईने झाडाची साल चावायला घेतली.

शेंडा उतरू लागला.

"दादा, थोडं थांब! अजगर आता वाकेल."

"त्याला उपाशी राहायची सवय आहे रे. एकदा गिळलं की वर्षभर निभावतं त्याचं. आईचं नाही निभणार."

त्याच्यामागून एकेक करत सगळे उतरले, शेवटी बुंध्याही. खोळंबलेले सगळे डबे त्याच दिवशी जोडायचे होते. बगळा घाई करत होता, आणि त्याला घाई करायला अख्खे अरण्य सांगत होते. बुंध्या शेजारच्या डब्यापाशी खीळ घेऊन उभा होता. त्याने भावाला कडी उचलताना पाहिले. मागचा डबा जरा जोरात आला. आवाज इतका लहान झाला की बुंध्याला वाटले, जोडणी झाली. जोडणी झालीच होती. खीळ बरोबर जागेवर बसली होती. गोमेने शिट्टी दिली आणि ती निघाली. शेंडा दोन रेघांच्या मध्ये पडून राहिला.

गोम परत आली त्या दिवशी बगळा एक टोपली घेऊन झाडाखाली आला.

"मालकांना फार वाईट वाटलं," तो म्हणाला. "हे त्यांनी पाठवलंय. दूर दक्षिणेकडच्या वनातलं फळ आहे. आपल्या अरण्यात याआधी कुणी पाहिलंसुद्धा नाही. शेंड्यानं जोडलेल्या डब्यातूनच आलंय."

बुंध्याने फळ उचलले आणि बगळ्याच्या डोक्याचा नेम धरला. पण त्याने ते इतके घट्ट धरले होते की साल फुटली आणि वास सुटला. आई मान वळवून बघत होती. ती बगळ्याकडे बघत नव्हती, बुंध्याकडेही नाही. फळाकडे बघत होती. त्याचा हात खाली आला. त्याने अर्धे फळ तिच्या हातात दिले. उरलेल्याचा रस त्याच्या बोटांवरून मनगटापर्यंत ओघळला, आणि तो त्याने चाटला.

इतके गोड त्याने आजवर काहीच चाखले नव्हते.