तापलेलं शेण

माणसं गच्चीवर भाज्या लावायला नुकतीच शिकत होती, तेव्हाची ही गोष्ट. मालिनीबाईंनी वांग्याच्या रोपासाठी जुन्या पिंपात माती, पालापाचोळा आणि ताजं शेण कालवलं. मातीबरोबर एक गांडूळही आत गेलं.

दुसऱ्या दिवशी पिंप आतून तापू लागलं.

"शेणदादा, तुम्ही फार तापलात. रोपाची मुळं भाजतील हो!" गांडूळ घाबरून म्हणालं.

"सगळा कस माझ्यातच आहे. माझ्यामुळे कुणाचं वाईट कसं होईल?" शेण म्हणालं.

एवढ्यात बाईंनी पिंपात लावायला रोप उचललं. गांडुळाला दुसरं काही सुचेना. ते पोळत पोळत वर आलं आणि भर उन्हात पिंपाच्या काठावर जाऊन पडलं. त्याचं अंग सुकू लागलं.

"अगं बाई, हे बाहेर का आलं?" म्हणत बाईंनी मातीत हात घातला आणि चटकन मागे घेतला. त्यांनी रोप बाजूला ठेवलं, गांडुळाला शेजारच्या कुंडीतल्या ओल्या मातीत सोडलं आणि शेण कुजून निवेपर्यंत पिंपावर गोणपाट टाकलं.

शेण खजील झालं. "मी इतका वाईट आहे का रे?"

"नाही दादा," गांडूळ क्षीण आवाजात म्हणालं, "तुम्ही अजून कच्चे आहात. निवलात की मीच येईन तुमच्याकडे राहायला."