विजेच्या चाकात देव नाही

नदी जिथं वळसा घेते, तिथं एक गाव होतं. गावात द्वारका कुंभारीण होती, तिचा नवरा लिंबाजी होता आणि दोघांची एकुलती लेक चिमा होती. गावाबाहेर चिंचेखाली मठ होता, आणि मठात गिरजामाय. माय गोसावीण. बोलायची कमी, बघायची जास्त.

"माय, तवा तू काही बोलली न्हाईस. आता तरी सांग, मी गेले ते बरं केलं का न्हाई?"

द्वारका मठाच्या अंगणात उभी होती. डोक्यावर नवाकोरा माठ, काठोकाठ भरलेला. मागं चिमा, हातात माठाची झाकणी.

माय पायरीवर बसलेली.

"माझ्या हातचा हाय," द्वारका म्हणाली. "चाकावर मी काढला, थापीनं मी ठोकला, मीच भाजला. तुझ्यासाठी आणला. जरा हात लाव, उतरवू दे."

"उतरशील. आधी सांग."

"डोईवर घेऊन?"

"बाईमाणूस आणखी कसं सांगतं?"

द्वारका हसली. तिला सांगायचंच होतं.

कुंभारवाड्यातली रीत अशी, की बाईनं माती आणावी, चाळावी, लीद-राख घालून पायानं तुडवावी, ओली मडकी उन्हातून सावलीत न्यावीत. चाकाला मात्र बोट लावू नये. चाक महादेवाचं. द्वारकाचा जन्म त्या चाकाच्या शेजारी गेला, आधी बापाच्या, मग नवऱ्याच्या. चाकावर मडकं वर यायला लागलं, की तिची बोटं पदराच्या आत आपोआप वळायची.

मग तालुक्याला बायकांसाठी वर्ग निघाला. तिथं विजेवर फिरणारं चाक. वाड्यातले म्हातारे पारावर बसले, तंबाखू मळली, बराच वेळ खाकरले, आणि ठरलं: विजेच्या चाकात देव नाही. बाईनं फिरवलं तर चालेल.

तेव्हा द्वारका धावत मठात आली होती. माय, जाऊ का वर्गाला? माय बोलली नाही. नुसती द्वारकाच्या पायांकडं बघत राहिली. पोटऱ्यांपर्यंत चिखल. द्वारकाला वाटलं, माय म्हणते पाय धुऊन जा. तिनं नदीवर पाय धुतले आणि ती गेली.

"मंग?" माय म्हणाली.

"मंग काय. वर्गातल्या मॅडम म्हणतात, द्वारकाताईंचा हात सगळ्यांत साफ. मला स्टेजवर बोलावलं. हार घातला. माईक दिला."

"काय बोललीस?"

"बाई शिकली की घर उभं राहतं, असं बोलले. लई टाळ्या पडल्या."

"अन् घर?"

"राहिलं की उभं. विजेचं चाक घरी आलं, पत्रा जाऊन स्लॅब आला. त्यांनी मोटारसायकल घेतली. दारावर पाटी लावली."

"कुणाच्या नावाची?"

"त्यांच्याच की. घर त्यांचं हाय."

"लिंबाजीचं जुनं चाक?"

"भिंतीला लावून ठेवलंय. दसऱ्याला पूजा होती."

"अन् लिंबाजी?"

"ते बी तिथंच. भिंतीला टेकून."

चिमा फिस्सकन हसली. आईनं मागं न बघता "गप" म्हटलं. मान वळवता येत नव्हती.



"माती कोण तुडवतं?" मायनं विचारलं.

"मी त्यांना म्हटलं होतं, माय. खोटं न्हाई सांगत. म्हटलं, चाकावर मी बसते, तुमी माती बघा. तर म्हणाले, बायकोला चाक दिलं तेवढं बास झालं, आता बाईचा चिखल तुडवू व्हय?"

"ते न्हाई विचारलं."

द्वारकानं माठाला एक हात लावला.

"कोण तुडवतं?"

"चिमा. थोडं दिवस. शाळेतून काढली न्हाई मी तिला. थांबवलीय."

थांबवली होती, हे खरं. संक्रांतीची सुगडं होईपर्यंत, असं ठरलं होतं. सुगडं झाली तर उन्हाळ्याचे माठ आले. माठ झाले तर पोळ्याचे बैल. बैल वाळतायत तोवर नवरात्राचे घट, आणि घटांच्या पाठोपाठ दिवाळीच्या पणत्या. पणत्या विकून घरी आले, तेव्हा कुणीतरी म्हणालं, संक्रांत आली की. कुंभाराच्या घरी रिकामा महिना नसतो. हे द्वारकाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण चाकावरून उठवत नव्हतं. तिच्या बोटांतून मडकं वर यायचं ना, तेव्हा तिला दुसरं काही दिसत नसे.

"चिमे," मायनं हाक मारली. "माती तुडवताना काय म्हणतेस गं? इथवर ऐकू येतं."

"पाढे."

"कशाला?"

"पायाला ताल येतो." मग हळूच, "अन् इसरत न्हाईत."

"कुठवर येतात?"

"पंचविसापर्यंत."

"पुढं?"

"पुढचे गुरुजी घेणार होते. तेवढ्यात सुगडं आली."

माठातलं पाणी झाकणीशिवाय हिंदकळलं, द्वारकाच्या कपाळावरून ओघळून नाकावर आलं. तिला पुसता येईना.

"जाईल गं ती शाळेत," द्वारका घाईनं म्हणाली. "मी काय तिची वैरीण हाय? मला अक्षर आलं न्हाई म्हणून तर तिला घातली होती. पण माय, आज मी रडगाणं घेऊन आले न्हाई. गोड सांगायला आले. आमच्या घराला देव पावला. शहरातल्या हॉटेलवाल्यानं काम दिलंय. चहाचे मातीचे कप. अन् हंगामाचं न्हाई, बारमाही. आता संक्रांत बघायला नको, पोळा बघायला नको. बाराही महिने काम. काल रातीच पक्कं झालं."

चिमाला हे माहीत नव्हतं.

ती आईकडं बघत राहिली. तिचे ओठ हलत होते... पाढा नव्हता तो. महिने मोजत असावी.

"चांगलं झालं," माय म्हणाली.

"झालं ना?" द्वारकाचा चेहरा उजळला. "तूच म्हण आता. बरं केलं ना मी?" आणि मग, "माय, मान गेली गं. उतरवू का?"

"उतरव."

माय जागची हलली नाही. भरला माठ एकटीनं उतरवता येत नाही, हे कुठल्या बाईला सांगावं लागतं? द्वारकानं दोन्ही हात वर केले, गुडघे वाकवले, परत सरळ झाली. पाणी सांडलं.

चिमानं झाकणी जमिनीवर ठेवली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती मठाच्या पायरीवर चढली, तिची उंची आईएवढी झाली.

"दे आई," ती म्हणाली, आणि डोकं पुढं केलं.

द्वारकानं माठ अलगद सरकवला. लेकीच्या डोक्यावर बसला. पोर थोडी डगमगली, मग स्थिर झाली. सवयीची होती.

द्वारकानं मान इकडं मोडली, तिकडं मोडली. पदरानं कपाळ पुसलं, नाक पुसलं. मोठा श्वास सोडला.

"उतरलं बाई एकदाचं."

माय चिमाच्या पायांकडं बघत होती. पोटऱ्यांपर्यंत चिखल, वाळून पांढरा पडलेला...

"कुठं?" माय म्हणाली.