पाटीवरचा बर्फ

“बावन्न जागा! बावन्नच्या बावन्न!” प्रीमियर डंकन प्रेंटिस यांनी न्याहारीच्या टेबलावर मूठ आपटली आणि अंड्याचा बलक थेट त्यांच्या जांभळ्या टायवर उडाला. पिवळा बलक! तोही नेमका विरोधी पक्षाचाच रंग!

प्रीमियर म्हणजे कॅनडातल्या प्रांताचा मुख्यमंत्री. प्रेंटिससाहेबांचा जांभळा पक्ष त्या प्रांतात सव्वीस वर्षं राज्य करत होता. निवडणूक चार दिवसांवर आली होती आणि एका आगाऊ वर्तमानपत्राने छापलं होतं, ‘सरकार जाणार!’

“मूर्ख लेकाचे!” प्रचारप्रमुख फर्ग्युसन म्हणाला. “साहेब, नव्वद हजार अंगणांत आपल्या प्रचाराच्या पाट्या रोवल्यात! ज्याचं दार वाजवलं तो म्हणाला, ‘हो हो, लावा ना!’ एकानेही नाही म्हटलं नाही!”

तेवढ्यात मोरीपाशी कप विसळणाऱ्या बाईला खुदकन हसू आलं.

ही वैजयंती केंजळे. मूळची वाईची, दोन वर्षांपूर्वी इथली नागरिक झालेली, साहेबांचं घर सांभाळणारी. रोज आल्या आल्या तिचं पहिलं काम म्हणजे साहेबांच्या अंगणातल्या जांभळ्या पाटीवरचा बर्फ पुसणं. साहेब खिडकीत कॉफी घेऊन उभे राहत आणि काच ठोठावून ओरडत, “तो कोपरा राहिला!”

“हसलीस का?” साहेबांनी विचारलं.

“काही नाही, साहेब. इथल्या माणसाच्या पायावर पाय दिला तरी तोच आपल्याला ‘सॉरी’ म्हणतो. तो दारात आलेल्याला नाही कसा म्हणेल?” बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. एवढं धाडस आलं कुठून, हे तिचं तिलाच कळेना.

“असं का!” साहेब इरेला पेटले. “मग तूच सांग, आपल्या किती जागा येणार! पण कुणाला विचारायचं नाही, कुणाचं दार वाजवायचं नाही, पेपर वाचायचा नाही. उद्या दुपारपर्यंत आकडा लिहून त्या बिस्किटांच्या बरणीत टाकायचा. निकालानंतर उघडू. चुकलीस तर दुसरी नोकरी शोध!”

“आणि बरोबर आला तर?”

“तर हिवाळाभर तुझ्या दारातला बर्फ मी उपसेन! या हातांनी!”

फर्ग्युसन खो खो हसला. वैजयंती मात्र मनात हिशोब करू लागली. नोकरी गेली की तळघरातल्या भाड्याच्या दोन खोल्या गेल्या आणि चार वर्षांच्या लेकीची, ओवीची, बालवाडीही गेली. शहाणपणा करायची काय गरज होती, असं तिने स्वतःला दिवसभरात शंभरदा तरी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हातभर बर्फ! ओवीला बालवाडीत सोडून ती साहेबांच्या गल्लीतून चालत निघाली. घरोघरी माणसं फावडी घेऊन बर्फ उपसत होती. बऱ्याच अंगणांत दोन्ही पक्षांच्या पाट्या शेजारी शेजारी, कारण दोघांनाही नाही कसं म्हणायचं? वैजयंती चालता चालता थबकली. मग मागे फिरून तिने सगळी गल्ली पुन्हा पाहिली. कुणाला काही विचारलं नाही, कुणाचं दार वाजवलं नाही. दुपारी तिने चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि बरणीत टाकली.

गुरुवारी मतदान झालं आणि त्याच संध्याकाळी निकाल लागला. टीव्हीवरच्या नकाशाला जणू हळद लागली! एकेक करत बावन्नच्या बावन्न मतदारसंघ पिवळे होत गेले. अर्थमंत्री पडले, शिक्षणमंत्री पडले, आणि शेवटी खुद्द साहेब आपल्याच मतदारसंघात तीनशे अकरा मतांनी पडले. सव्वीस वर्षांचं राज्य अडीच तासांत झाडून साफ!

शुक्रवारी सकाळी वैजयंती कामावर आली तेव्हा साहेब बरणी पुढ्यात घेऊन बसले होते. फर्ग्युसन शेजारी सुतकी चेहऱ्याने बिस्कीट खात होता.

साहेबांनी चिठ्ठी उघडली. आत एकच आकडा होता. शून्य!

“कुणी सांगितलं तुला?” साहेब गरजले.

“बर्फाने सांगितलं, साहेब.”

“म्हणजे?”

“बर्फ पडला की माणूस फावडं घेऊन अंगणात येतो. जाता जाता हातमोज्याने आपल्या आवडत्या पाटीवरचा बर्फ झटकतो. तुमच्या गल्लीत जांभळ्या पाट्या साठ. त्यांच्याच शेजारच्या पिवळ्या पाट्या लख्ख पुसलेल्या, आणि जांभळ्या गळ्यापर्यंत बर्फात! खुद्द तुमच्या गल्लीत ही गत, तर बाकीच्या प्रांतात काय असणार? पाटी लावून घेणं ही रीत झाली, साहेब. पुसणं ही माया!”

“साठातली एकही पुसलेली नव्हती?”

“एक होती. तुमची.”

“मग निदान एक जागा तरी लिहायचीस!”

“ती मीच पुसली होती, साहेब!”

फर्ग्युसनला ठसका लागला. साहेबांनी बुडत्याने काडी धरावी तसं विचारलं, “म्हणजे तुझं एक मत तरी मला पडलं ना?”

“साहेब,” वैजयंती पदर नसलेल्या खांद्यावर हात फिरवत म्हणाली, “पाटी पुसणं पगारात होतं. मत पगारात नव्हतं!”

मग साहेबांचं पोट हललं, खांदे हलले, आणि ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. “फर्ग्युसन! सव्वीस वर्षं मी तुझ्यासारख्यांना सल्लागार नेमलं, आणि ही बाई माझ्या घरात कप विसळत होती! वैजयंती, तुझी नोकरी पक्की, पगार दीडपट! आणि शब्द म्हणजे शब्द!”

सोमवारी पुन्हा बर्फ पडला. तळघराच्या अकरा पायऱ्यांवर माजी प्रीमियर फावडं चालवत होते, कानटोपी वाकडी, नाक लालभडक. खिडकीत वैजयंती चहाचा कप घेऊन उभी होती. कडेवर ओवी.

तिने हलकेच काच ठोठावली.

“साहेब, तो कोपरा राहिला!”