फोडलेले बदाम

फार जुनी गोष्ट. ज्यांना स्वतःचं पोट भरणं जमत नाही त्यांच्यासाठी एका रानातल्या सगळ्यांनी मिळून एक ढोली भरून ठेवली होती. ती सांभाळायची झिपरी खार. दर आठवड्याला ती घरोघर रानबदाम पोचवायची आणि दारातूनच विचारायची, "मिळालं का?"

चोच झिजलेला म्हातारा पोपट भिवाजी म्हणायचा, "मिळालं गं पोरी. सुखी राहा."

एकदा त्याचा आवाज फारच खोल गेलेला वाटला, म्हणून झिपरीने आत डोकावून पाहिलं. महिन्याभराचे बदाम कोपऱ्यात नीट रचलेले होते. एकही फुटलेला नव्हता.

"आजोबा, उपाशी राहिलात? बोलला का नाहीत?"

"कोवळ्या पाल्यावर भागवलं गं. एवढं दारात आणून देतेस. वर आणखी काय मागायचं?"

झिपरीला स्वतःचाच राग आला. आपल्या दातांनी कुटकन फुटतं ते सगळ्यांनाच फुटतं, असं ती धरून चालली होती.

तिने रानाला सांगितलं तेव्हा माकड फणकारलं, "दिलं ते कमी झालं का? आता भरवायचंही?"

"लागलं तर भरवायचंही!" असं म्हणून झिपरी तिथेच बदाम फोडायला बसली. ऊन उतरलं तरी ती उठेना. माकड बराच वेळ बघत राहिलं, मग एक दगड उचलून गपचूप तिच्या शेजारी बसलं.

आता झिपरी "मिळालं का?" असं विचारत नाही. "खाल्लं का?" असं विचारते, आणि "हो" ऐकलं तरी पहिला घास पोटात जाईपर्यंत दारातून हलत नाही.